सात कळपांची जात: टेक्सस लाँगहॉर्नमधल्या घराण्यांचा प्रश्न

टेक्सस लाँगहॉर्न जातीची कालवड विकायला निघाली की गिऱ्हाईक वय विचारते, शिंगांची लांबी विचारते आणि जाणकार असेल तर घराणेही विचारते. बटलर, राइट, येट्स, फिलिप्स, मार्क्स, पीलर आणि विचिटा ही ती सात घराणी. पहिली सहा माणसांची आडनावे आहेत, सातवे एका सरकारी अभयारण्याचे नाव. आज दिसणाऱ्या बहुतेक नोंदणीकृत लाँगहॉर्न जनावरांची वंशावळ मागे नेत गेले की ती या सात कळपांपैकी एकात किंवा अनेकांत जाऊन थांबते. काही पैदासकार अजूनही एकाच घराण्याची जनावरे बाळगतात आणि दुसऱ्या घराण्याचा वळू आवारात येऊ देत नाहीत. बाकीच्यांनी केव्हाच सगळ्यांचे मिळून एकच गोकुळ केले आहे.

जुन्या, संकटात सापडलेल्या जातीतली अशी घराणी वेगळी राखावीत की मिसळावीत, हा वाद तिथे गेली काही दशके चालू आहे. वरवर पाहता तो हौशी गोपालकांचा घरगुती वाद वाटतो. पण त्याची मुळे थेट आनुवंशिकीच्या पायाभरणीपर्यंत जातात, आणि त्याचा एक धागा, कुणाला खरे वाटणार नाही, कृष्णाकाठाशीही जुळतो.

जात कशी उरली

कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत स्पेनकडची गुरे कॅरिबियन बेटांवर नेली. १५२१ मध्ये ग्रेगोरिओ दे व्हिलालोबोसने ती मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरवली आणि तिथून मिशनऱ्यांच्या व वसाहतवाल्यांच्या मागोमाग ती उत्तरेला टेक्ससमध्ये शिरली. पुढची दीडदोनशे वर्षे कुणी त्यांची निवड केली नाही, दावणीला बांधले नाही, वळू ठरवले नाहीत. दुष्काळ, लांडगे, गोचीड आणि काटेरी झुडपे यांनी जी निवड केली तीच. जी उरली ती उंच, हाडकुळी, लांब पायांची, कुठलाही पाला खाऊन जगणारी आणि दाईशिवाय वीत जाणारी होती. अमेरिकी यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्ससमध्ये अशी गुरे उदंड झाली होती आणि उत्तरेत मांसाला भाव होता. कॅन्ससमधल्या अॅबिलीन या गावी १८६७ पासून रेल्वेने गुरे पाठवण्याची सोय झाली. पुढच्या वीसेक वर्षांत लाखोंच्या संख्येने लाँगहॉर्न पायी उत्तरेला हाकली गेली.

ज्या व्यवहाराने ती प्रसिद्ध झाली त्यानेच तिचा घातही केला. तिच्या अंगावरच्या गोचिडांतून ज्वर पसरे. तिला स्वतःला त्याची सवय झालेली, पण वाटेतल्या शेतकऱ्यांची गुरे पटापट मरत. मिझुरी-कॅन्ससचे शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवू लागले. हा ज्वर गोचिडामुळे पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. संधिपाद जीव रोग वाहून नेतो हे दाखवणाऱ्या पहिल्या पुराव्यांपैकी हा एक. दरम्यान जोसेफ ग्लिडनच्या १८७४ च्या पेटंटनंतर काटेरी तारेने मोकळी चराई संपवली होती. कुंपणाच्या आत मोकाट गुरांपेक्षा लवकर वजन धरणारी हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न परवडत. त्यांचे वळू लाँगहॉर्न गायींवर सोडले गेले आणि दोनतीन पिढ्यांत जुने रक्त पातळ झाले. १९२० च्या दशकात ठसठशीत लाँगहॉर्न शोधावी लागे.

ती शोधली सरकारने. १९२७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ३,००० डॉलर मंजूर केले. वनखात्याचे विल बार्न्स आणि जॉन हॅटन दक्षिण टेक्सस पालथा घालून फिरले. हजारो गुरे पाहून त्यांनी वीस गायी, तीन वळू आणि काही वासरे निवडली व ओक्लाहोमातल्या विचिटा पर्वतांच्या अभयारण्यात पाठवली. हे विचिटा घराणे. म्हणजे ज्याला आज घराणे म्हणतात त्याची सुरुवात दोन सरकारी नोकरांच्या नजरेने झाली. त्यांना जी जनावरे खरी लाँगहॉर्न वाटली ती आत आली, बाकीची बाहेर राहिली.

सहा माणसांच्या सहा आवडी

उरलेले सहा कळप खासगी होते. ते का टिकले हे पाहिले तर ठरवून केलेले संवर्धन त्यात फारसे सापडत नाही. सापडतो तो माणसांचा हट्ट.

ग्रेव्ह्ज पीलर हा अॅटास्कोसा परगण्यातला, गुरांच्या चोऱ्या शोधणारा तपासनीस. त्याच्या कळपातली जनावरे मोठ्या चणीची आणि अंगावर येणारी. लेखक फ्रँक डोबी आणि तेलाचे व्यापारी सिड रिचर्डसन यांनी १९४० च्या दशकात राज्यासाठी लाँगहॉर्नचा कळप उभा करायचे ठरवले तेव्हा गुरे शोधून आणायला पीलरच होता. रॉब्सटाउनच्या एम. पी. राइटचा मांसाचा धंदा होता. कापायला आलेल्या गुरांतून जुन्या वळणाची जनावरे तो बाजूला काढून ठेवी, असे सांगतात. खाटकाच्या आवारात एखादी जात वाचावी हे ऐकायला विचित्र वाटते. पण वर्षाला इतकी गुरे नजरेखालून जाणारा दुसरा माणूस कुठून आणायचा? ह्यूस्टनजवळच्या एमिल मार्क्सची आणि ब्रेझोरिया परगण्यातल्या जॅक फिलिप्सची जनावरे किनारपट्टीच्या दमट, डासांनी भरलेल्या कुरणांतली. कॅप येट्सची पश्चिम टेक्ससच्या वाळवंटी माळावरची. तिथे एका गायीला चरायला कित्येक एकर लागतात, आणि लहान, काटक जनावरेच तग धरतात.

मिल्बी बटलर गॅल्व्हस्टनजवळच्या लीग सिटीचा. त्याला शिंगांचे वेड. १९७१ मध्ये तो वारला, कळप फुटला, आणि जी मोजकी जनावरे जाणकारांच्या हाती लागली त्यांच्यावरच आजचे बटलर घराणे उभे आहे. या घराण्याचा पाया सातांमध्ये सर्वांत अरुंद घराण्यांपैकी, आणि तरीही शिंगांमुळे बाजारात त्याला मागणी सर्वांत जास्त. वादाचा पुष्कळसा भाग या एका विसंगतीतून निघतो.

१९६४ मध्ये चार्ल्स श्रायनर तिसरे यांच्या पुढाकाराने टेक्सस लाँगहॉर्न ब्रीडर्स असोसिएशन स्थापन झाली आणि सगळे कळप एका नोंदवहीत आले. घराण्यांची नावे रूढ झाली ती यानंतर. आधी ते शेजारीपाजारी नसलेले, एकमेकांशी घेणेदेणे नसलेले कळप होते. नोंदवहीने त्यांना एका जातीचे भाऊबंद केले आणि त्याच वेळी त्यांच्यात मिसळण्याची वाटही मोकळी केली.

शेजारची पाइनीवुड्स

घराणी म्हणजे काय हे याहून स्पष्ट पाहायचे तर मिसिसिपी, अलाबामा आणि जॉर्जियाच्या पाइनच्या जंगलांत जावे लागते. तिथली पाइनीवुड्स गुरेही स्पॅनिश मुळाचीच. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जंगलात चारली, ओंडके ओढायला बैल केले. प्रत्येक कुटुंबाचा कळप बहुतांशी आपल्यातल्या आपल्यात वाढला. कॉनवे, ग्रिफिन, होल्ट, कार्टर, लॅडनर, हिकमन अशी घराणी पडली. मोकळ्या रानात आपले जनावर लांबून ओळखू यावे म्हणून रंगही ठरून गेले. कॉनवे घराण्याचा तांबडा-पांढरा त्यातलाच.

इथे कळप टिकण्याचे कारण वेगळे होते. दमट उष्मा, गोचीड आणि जखमेत अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी यांपुढे विलायती गुरे टिकत नसत. गोचीड निर्मूलनाची मोहीम १९०६ मध्ये सुरू झाली. स्क्रूवर्म १९५० च्या दशकाअखेरीस वंध्य केलेल्या नर माश्या सोडून आग्नेय राज्यांतून हटवली गेली. शत्रू गेले आणि काटकपणाची किंमतही गेली. जंगले तुटली, चराई बंद झाली. उरली ती ज्या म्हाताऱ्यांनी वाडवडिलांची गुरे म्हणून विकायला नकार दिला त्यांच्याकडे. पाइनीवुड्सची नोंदणी संस्था १९९९ मध्ये निघाली, आणि तिथे घराण्याची नोंद हा सुरुवातीपासून कळीचा मुद्दा राहिला.

डचेसची गोष्ट

या वादातल्या दोन्ही बाजू पुरावा म्हणून इंग्लंडच्या शॉर्टहॉर्नकडे बोट दाखवतात, आणि दोन्ही बाजूंना तिथे काही ना काही सापडते.

ईशान्य इंग्लंडमधल्या कॉलिंग बंधूंनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शॉर्टहॉर्नला आकार दिला. त्यांचा फेव्हरिट नावाचा वळू त्याच्या आईवर सोडला, झालेल्या कालवडीवर पुन्हा तोच सोडला, आणि १८०४ मध्ये कॉमेट जन्मला. १८१० च्या विक्रीत कॉमेटला १,००० गिनी मिळाले. वळूला चार आकडी किंमत मिळण्याची ती पहिलीच वेळ मानतात. त्याच विक्रीत थॉमस बेट्सने डचेस घराण्याची गाय घेतली आणि उरलेले आयुष्य त्या घराण्याला वाहिले. बूथ कुटुंबाने दुसरी शाखा धरली. पुढे पन्नास वर्षे बेट्सवाले आणि बूथवाले असे तट पडले, आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांत पडत तसे. एकाचा शागीर्द दुसऱ्याच्या मैफलीला जायचा नाही.

बेट्स वारल्यावर डचेस ही गुंतवणूक झाली. १८७३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क मिल्स इथल्या लिलावात एका डचेस गायीला ४०,६०० डॉलरची बोली लागली. तोवर घराण्यात वांझपणा मुरला होता. गायी गाभण राहत नसत. दुर्मीळ झाल्याने किंमत चढे, आणि किंमत चढली की रक्त बाहेर जाऊ न देण्याचा हट्ट आणखी पक्का होई. काही वर्षांत फुगा फुटला आणि शुद्ध डचेस संपली. खुद्द बेट्सने मात्र १८३१ मध्ये घराण्याबाहेरचा बेल्व्हेडिअर नावाचा वळू आणला होता. कडवेपणा गुरूपेक्षा चेल्यांत जास्त होता. जातीला पुढची दिशा दिली ती स्कॉटलंडच्या अमॉस क्रुइकशँकने. तो वंशावळीपेक्षा अंगावरचे मांस पाहून निवडत असे.

या गोष्टीचा दुसरा अंक प्रयोगशाळेत घडला. अमेरिकी कृषी खात्यात काम करणारा स्यूअल राइट (रॉब्सटाउनच्या राइटचा याच्याशी संबंध नाही) याने १९२२ मध्ये सगोत्र पैदास मोजण्याचा गुणांक मांडला आणि १९२३ मध्ये तो बेट्सच्या डचेस घराण्याला लावला. पाठोपाठ मॅकफी आणि राइट यांनी सबंध शॉर्टहॉर्न जातीचे गणित केले. १९२० च्या सुमारास जातीतली सगोत्रता सुमारे २६ टक्के भरली, आणि फेव्हरिटचे रक्त सगळीकडे पोचलेले निघाले. म्हणजे घराणी वेगळी म्हणवत होती, पण मुळाशी जवळजवळ एकच वळू होता.

तरीही राइटने यातून काढलेला निष्कर्ष घराण्यांच्या विरोधात नव्हता. लहान लहान, अर्धवट अलग राहिलेल्या कळपांत योगायोगाने वेगवेगळे गुण पक्के होतात, त्यांतले चांगले जमलेले कळप आपले वळू इतरांना देतात, आणि सबंध जात पुढे सरकते, असे त्याला शॉर्टहॉर्नच्या इतिहासात दिसले. उत्क्रांतीविषयीच्या त्याच्या पुढच्या प्रसिद्ध सिद्धान्ताला या निरीक्षणाचा आधार होता. घराणी हवीत, पण ती बंद कोठड्यांसारखी नकोत, असे त्याचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. आज दोन्ही बाजू राइटचे नाव घेतात आणि प्रत्येकजण त्याचे अर्धेच वाक्य म्हणतो.

वेगळी ठेवा म्हणणारे

या बाजूचा सर्वांत व्यवस्थित युक्तिवाद व्हर्जिनिया टेकच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले फिलिप स्पोनेनबर्ग आणि आताच्या लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या भोवतीच्या मंडळींनी केला आहे. संस्था १९७७ पासूनची. युक्तिवाद असा: लहान कळपात प्रत्येक पिढीत काही जनुके गळतात, ते टळत नाही. पण सात कळपांत तीच जनुके गळत नाहीत. इकडे एक गळते, तिकडे दुसरे. प्रत्येक घराणे आतून एकसारखे होत गेले, तरी सातांची गोळाबेरीज केली तर मूळ वैविध्याचा मोठा वाटा कुठे ना कुठे शिल्लक असतो. सगळ्यांचे एकच गोकुळ केले की प्रत्येक जनावर आतून समृद्ध दिसते, पण एखादा गाजलेला वळू निघाला आणि त्याचे रेत सर्वत्र गेले की दोनतीन पिढ्यांत सगळी जात त्याची नातवंडे होते.

दुसरा मुद्दा साधा आणि खोडायला अवघड: मिसळणे केव्हाही करता येते, मिसळलेले निवडून वेगळे करता येत नाही. शिवाय दोन वेगळ्या घराण्यांचा मेळ घातला की पहिल्या पिढीची वासरे जोमदार होतात. सगळे आधीच मिसळून टाकले तर हा जोम आणायला बाहेर कुणी उरतच नाही.

मिसळा म्हणणारे

हे सगळे कागदावर ठीक, असे दुसरी बाजू म्हणते. एखाद्या घराण्यात पंधरावीस गायी आणि दोन वळू उरले असतील तर ते सांभाळणे म्हणजे हळूहळू बुडणे आहे. दर पिढीला सगोत्रता साधारण एक टक्क्याहून जास्त वाढू नये, त्यासाठी पैदाशीत भाग घेणाऱ्यांची परिणामकारक संख्या पन्नासच्या खाली जाऊ नये, हा अन्न व कृषी संघटनेनेही उचललेला ढोबळ दंडक आहे. कित्येक घराणी त्याच्या जवळपासही नाहीत. गर्भधारणा कमी होणे, दूध कमी, वासरे अशक्त ही लक्षणे आधी मालकाच्या खिशाला दिसतात आणि मग तो कळपच विकून टाकतो. घराणे शुद्ध राहते आणि संपते.

त्यांचा आणखी एक आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. ही घराणी निसर्गाने पाडलेली नाहीत. बटलर आणि पीलर यांच्या गुरांत जो फरक आहे तो दोन माणसांच्या आवडीतला आणि दोन परगण्यांतला फरक आहे, वय शंभर वर्षांचेही नाही. त्याआधीची दोनशे वर्षे टेक्ससची गुरे एकमेकांत मोकळी मिसळत होती. मग १९३० च्या आसपास पडलेल्या भिंतींना एवढे पावित्र्य का? स्पोनेनबर्गवाल्यांचे उत्तर असे की भिंत कृत्रिम असली तरी तिच्या आत जे अडकून राहिले ते खरे आहे. यावर दोघांचेही समाधान झालेले नाही.

तिसरा तट: आधी जात, मग घराणे

१९९० मध्ये काही पैदासकारांनी कॅटलमेन्स टेक्सस लाँगहॉर्न रजिस्ट्री ही वेगळी नोंदवही काढली. त्यांच्या मते खरा धोका घराण्यांच्या मिश्रणात नव्हता, तो शिंगे आणि वजन यांच्या लोभाने बाहेरचे रक्त आत येण्यात होता. त्यांनी रक्तगट तपासणी आणि जाणकारांनी जनावर डोळ्यांनी पाहून दिलेला कौल अशा दोन चाळण्या लावल्या. या नोंदवहीतली लाँगहॉर्न संकटग्रस्त जातींच्या यादीत स्वतंत्रपणे गणली जातात, मोठ्या नोंदवहीतली नाहीत. एकाच नावाची एक जात भरभराटीत आणि तिचीच दुसरी शाखा धोक्यात, असा हा चमत्कार.

या तटाची भीती निराधार म्हणता येत नाही. १९२७ मध्ये निवडलेल्या गायींची छायाचित्रे आणि आजच्या लिलावातल्या गायी शेजारी ठेवल्या तर फरक लपत नाही. आता टोकापासून टोकापर्यंत शंभर इंचांपलीकडची शिंगे मिरवली जातात. अलाबामातल्या पोंचो व्हिया या बैलाच्या शिंगांची नोंद जागतिक विक्रम म्हणून सव्वातीन मीटरच्या आसपास झाली. २०१७ मध्ये एका लाँगहॉर्न गायीला ३ लाख ८० हजार डॉलर मिळाले. डचेसची आठवण होणे साहजिक आहे. शिंगवाल्यांचेही म्हणणे मात्र ऐकले पाहिजे. हौशी पैसा आला नसता तर इतक्या लोकांनी ही गुरे पाळलीच नसती, आणि गिऱ्हाईकच नसलेल्या जातीचे पुढे काय होते हे १९२० च्या दशकाने दाखवले आहे.

जनुके काय सांगतात

२०१३ मध्ये एमिली जेन मॅकटॅव्हिश आणि सहकाऱ्यांनी लाँगहॉर्नसह नव्या जगातल्या गुरांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या गुरांचे पूर्वज युरोपीय धाटणीचे, पण त्यांत आफ्रिकी छटा आणि झेबूचा, म्हणजे वशिंडवाल्या भारतीय कुळाचा, काही अंश असल्याचे दिसले. त्यातला काही भाग आफ्रिकेतून स्पेनमार्गे फार पूर्वीच आला असावा, असे त्यांचे अनुमान.

तिसऱ्या तटाची यामुळे पंचाईत झाली. झेबूचा अंश ही त्यांच्या लेखी भेसळीची खूण होती. आता जुना झेबू आणि नवा झेबू वेगळा करावा लागतो. नव्या मिश्रणात झेबूचे जनुकखंड लांब सलग सापडतात, जुन्या मिश्रणात ते पिढ्यांगणिक तुटून बारीक झालेले असतात. तत्त्वतः भेद करता येतो. एखाद्या विशिष्ट गायीबद्दल मालकाला ठामपणे हो किंवा नाही सांगणे त्यामानाने अवघड.

बंद कळपांबद्दलचा सर्वांत चक्रावणारा पुरावा नॉर्थंबरलंडच्या चिलिंगहॅमचा आहे. तिथला पांढरा रानटी कळप सुमारे तीनशे वर्षे बाहेरच्या रक्ताशिवाय आहे. १९४७ च्या हिवाळ्यात त्यात तेराच जनावरे उरली. तरीही तो आज जिवंत आहे, आणि २००१ मध्ये व्हिशर व सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखा आहे. वेगळी ठेवा म्हणणारे हे उदाहरण आनंदाने देतात. पण असे बंद कळप किती होते आणि त्यांतले किती नष्ट झाले, हे आपण मोजत नाही. जो वाचला त्याचीच मुलाखत होते.

गोठ्यात प्रत्यक्ष काय चालते

सैद्धान्तिक भांडण जितके टोकाचे, तितका व्यवहार नाही. बरेच पैदासकार मधली वाट काढतात. घराण्याचा गाभा वेगळा ठेवायचा, शेजारी मिश्र कळप ठेवायचा. गाभा फारच आटला तर दुसऱ्या घराण्याचा एक वळू एका पिढीपुरता आणायचा आणि त्याच्या कालवडी पुन्हा मूळ घराण्याच्या वळूंकडे द्यायच्या. दोनतीन पिढ्यांनी बाहेरचा अंश आठव्या हिश्श्यावर येतो. हे घराणे मानायचे का? पाइनीवुड्सवाल्यांत यावर सैलपणा जास्त, बटलरवाल्यांत कमी. कोणत्या वळूला किती वासरे द्यायची याचे गणित १९९० च्या दशकाअखेरीपासून उपलब्ध आहे. पण दोनशे एकरांवर तीस गायी पाळणारा निवृत्त माणूस ते करत बसत नाही. त्याच्याकडे एक वळू असतो आणि तो मारका निघाला की बदलतो.

फोर्ट कॉलिन्स इथल्या राष्ट्रीय जनुकसाठ्यात १९९९ पासून जातवंत जनावरांचे रेत गोठवून ठेवले जाते. त्याने घाई थोडी कमी झाली आहे. विचिटाचा कळप सरकारी असल्याने तिथे दरवर्षी जादा जनावरांचा लिलाव होतो आणि नवे रक्त हवे असणाऱ्यांना ते मिळते. सातांपैकी हे एकच घराणे मालकाच्या मरणाने फुटण्याचा धोका नसलेले.

कृष्णाकाठचा धागा

ज्या झेबूची टेक्ससमध्ये भीती, तो तिथे पोचला कसा? अमेरिकी ब्राह्मण जात १८५४ ते १९२६ या काळात आलेल्या सुमारे २६६ वळू आणि २२ गायींवर उभी राहिली. त्यांत कांक्रेज, ओंगोल, गीर यांच्याबरोबर आपल्या सांगली-मिरजेच्या बाजूच्या कृष्णा खोऱ्याच्या जातीचाही वाटा होता. ही जात स्वतःच संकराची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी काळ्या चिकट मातीत नांगर ओढायला भारी बैल हवेत म्हणून ती घडवली. तिथे संस्थानिकांची हौस, टेक्ससमध्ये रँचवाल्यांची.

घराण्यांचा प्रश्न आपल्याकडेही नाही असे नाही. जोशी आणि फिलिप्स यांनी १९५३ मध्ये अन्न व कृषी संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात खिल्लारच्या चार उपजाती दिल्या आहेत: आटपाडी महाल किंवा हणम, म्हसवड, तापीकाठची थिल्लारी आणि नकली. थिल्लारीचे नाक आणि खूर गाजरी झाक असलेले, म्हसवडच्या तोंडावर करडे-पांढरे ठिपके असे वर्णनही आहे. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे भेद रंगावरून आहेत. पण आपल्या सरकारी नोंदी जातीच्या पातळीवर थांबतात. खिल्लारची वंशावळ खरसुंडी-म्हसवडच्या जत्रांत तोंडी चालते, आणि विकणारा सांगेल ती खरी. बैलगाडा शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर पळणाऱ्या खोंडांना आलेली किंमत टेक्ससमधल्या शिंगांच्या किमतीसारखीच वागू शकते: जात जगवते आणि तिला एकाच गुणाकडे ओढते.

काय सुटलेले नाही

मला स्वतःला स्पोनेनबर्ग यांची बाजू जास्त पटते, आणि ती मुख्यत्वे मिसळणे परतवता येत नाही या एका कारणासाठी. पण ती पटणे सोपे आहे, तिचा खर्च कुणी करायचा हे नाही. वीस गायींचे घराणे सांभाळणाऱ्याला त्याची शिंगे आखूड म्हणून बाजार कमी भाव देतो, आणि त्याच्या वासरांत जो दुर्मीळ अंश आहे त्याला भावच नाही.

एखाद्या घराण्याची नोंद केव्हा बंद समजायची, हेही ठरलेले नाही. आठवा हिस्सा बाहेरचा असलेली येट्स गाय येट्स आहे की नाही, यावर नोंदवह्यांचे एकमत नाही. जनुकचाचणीने नाते किती हे कळते, घराणे कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवायला माणूसच लागतो. सात घराण्यांच्या बाहेर, नोंदवहीत कधीच न आलेले जुने कळप दक्षिण टेक्सस आणि मेक्सिकोच्या सीमेवर कुठे शिल्लक आहेत का, आणि असले तर त्यांना दार उघडायचे का, हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि प्रत्येक वेळी पुढच्या बैठकीवर जातो. डोळ्यांनी पाहून कौल देणारे जे जाणकार पीलर-फिलिप्सच्या हाताखाली शिकले ते आता थकले आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्यांनी मूळ कळप पाहिलेले नाहीत, फक्त त्यांची छायाचित्रे पाहिली आहेत, आणि तपासणी कशाच्या आधारे चालू ठेवायची यावर सध्या त्यांच्यातच चर्चा चालू आहे.